बाजाराच्या दिवसाची गोळी

आमच्या मेडिकलच्या काउंटरमागे दोन माणसं असतात, मी आणि माझे सासरे. मी उभी असते. बाबा स्टुलावर बसलेले असतात आणि तिथून दुकान चालवतात, असं त्यांना वाटतं. फार्मसी दोघंही शिकलोय. त्यांचा जुना डिप्लोमा, माझी डिग्री. त्यामुळे कोणी कोणाचं ऐकायचं हा प्रश्न माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सुटलेला नाही. औषधं मला जास्त कळतात, माणसं त्यांना जास्त कळतात, अशी आमची एक न बोलता ठरलेली वाटणी आहे. आणि दोघांनाही मनातून वाटतं की दुसऱ्याला तेही फारसं कळत नाही.

बाबांच्या एका लाडक्या सवयीपायी वरोरच्या एका बाईचा जीव जाता जाता राहिला. त्याबद्दल लिहू का, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा "लिही की, मी काय अडवलंय?" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात ह्याला परवानगी म्हणतात.

आधी दुकान कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर सवय कळायची नाही. आम्ही डहाणूला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गाडी आली की लोंढा, एसटी आली की लोंढा, दवाखाने सुटले की लोंढा. लोंढ्यात मराठी, गुजराती, हिंदी आणि पाड्यांवरच्या बोली सगळ्या एकदमच बोलल्या जातात, आणि प्रत्येकाची एसटी लागलेली असते. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणारे सज्जन म्हणायचे. बाकीचे स्ट्रिपचा कात्रीने कापलेला तुकडा आणतात; त्यावर औषधाच्या नावाची नेमकी दोन अक्षरं उरलेली असतात. कोणी व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवतो आणि किती वेळा घ्यायचं ते त्याच्या अंगठ्याखाली असतं. कोणी नुसतंच सांगतो की माझ्या मेव्हण्याला लागू पडली ती गुलाबी गोळी द्या. मेव्हण्याला काय झालं होतं विचारलं तर रागावतो. सुरतेकडून आलेली चिठ्ठी गुजरातीत असते, ती बाबा वाचतात आणि मला उगाच मोठ्याने वाचून दाखवतात. ह्या सगळ्यात कंपनीचा माणूस बॅग घेऊन कोपऱ्यात हसत उभा, फ्रीजमधल्या इन्सुलिनची काळजी, लाइट गेलेले, आणि माझा डबा कपाटामागे अर्धा खाऊन उघडा पडलेला. बाथरूमला जायचं तर शेजारच्या झेरॉक्सवालीला हाक मारून, बाबांकडे लक्ष ठेव गं, असं सांगून जावं लागतं. बाबांना हे माहीत नाही. आता वाचतील.

तर अशा धबडग्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला औषध कधी, कसं, कशाबरोबर घ्यायचं ते समजावून सांगायचं असतं. मी पाकिटावर लिहून देते. बाबांचा लिहिण्यावर विश्वास नाही. ते म्हणतात, कागद चुलीत जातो, सांगितलेलं डोक्यात राहतं. म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली आहे. ते माणसाला वेळ सांगतच नाहीत, त्याच्या दिवसातलं काम सांगतात. चिखल्याच्या चिकूवाडीवाल्याला त्यांनी बीपीची गोळी मोटर चालू करण्याआधी लावून दिलीय. आता तो म्हणतो, गोळी घेतल्याशिवाय बटणाकडे हातच जात नाही. फुग्याच्या कारखान्यातल्या बाईला शिफ्टला शिरण्याआधी. एका आजीला सांजवात झाली की. शाळेतल्या मास्तरांना हजेरी झाली की, आणि मास्तर सुट्टीत हमखास आजारी पडतात, तो भाग निराळा.

आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध असलं, की बाजाराच्या दिवशी. आमच्याकडे पाड्यावर कुणाला तारीख विचारू नये, पण बाजार किती दिवसांवर आलाय ते पोरसुद्धा सांगतं. मजुरी बाजाराच्या दिवशी, मीठमसाला बाजाराच्या दिवशी, पाहुणे भेटायचे ते बाजाराच्या दिवशी. तेव्हा हाडांसाठी दुधातून घ्यायची ती पावडर बाजाराच्या दिवशी, असं बाबा सांगतात आणि ती खरंच घेतली जाते. मी लाल पेनाने लिहिलेलं 'आठवड्यातून एकदा' वाचायला त्या घरात कोणी नसतं. हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही, कारण मग जेवताना ऐकावं लागतं. पण पद्धत चांगली होती. नुसती चांगली नाही, प्रेमाची होती. समोरचा माणूस सकाळपासून काय काय करतो हे ठाऊक असल्याशिवाय तसं सांगता येत नाही.

वरोरची मावशी आमची फार जुनी ओळख. सुके बोंबील, जवळा, मांदेली विकते. तिचं वय बाबांच्याच आसपास असेल, पण बाबा तिला मावशी म्हणतात आणि ती बाबांना भाऊ म्हणते. ह्यात कोण मोठं ते दोघांनीही ठरवून घेतलेलं नाही. बाबांना ओली मासळी जीव की प्राण, पण सुकटीचा वास अजिबात खपत नाही. घरात जवळा भाजला की ते पेपर घेऊन अंगणात जातात. म्हणून मावशी मुद्दाम काउंटरवर टोपली ठेवायची आणि बाबा मुद्दाम नाकाला रुमाल लावायचे.

तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की मूठ वळेना, टोपलीची कड धरवेना. इकडचे तिकडचे लेप करून झाले, आणि मग ती मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आली. संधिवात निघाला. त्यांनी जी गोळी लिहून दिली ती चांगलीच, अनेकांना हातपाय परत देणारी; पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अंगात नवीन रक्त तयार होणं थांबतं. आधी तोंड येतं, मग ताप येतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि तरीही कुणी थांबवलं नाही तर माणूस हातचा जातो. कॉलेजात हे आम्हाला इतक्यांदा घोकवलं होतं की ती स्ट्रिप हातात आली तरी माझे खांदे ताठ होतात. तिच्याबरोबर एक बारकी पिवळी गोळी असते, पहिलीचा त्रास कमी करणारी. ती बाकीच्या दिवशी घ्यायची.

मावशी चिठ्ठी घेऊन आली तेव्हा मी लाल पेनाने पाकिटावर लिहिलं, लिहिलेल्याखाली दोन रेघा ओढल्या. मग एका गिऱ्हाइकाने मला इन्सुलिनच्या पेनवरून धरलं, आणि समजावण्याचं काम हक्काने बाबांकडे गेलं. मला इकडे ऐकू येत होतं. त्यांनी रुमाल बाजूला करून, तिच्या हातात स्ट्रिप देऊन, सावकाश सांगितलं की ही मोठी फक्त बाजाराच्या दिवशी, एकच. बाजार नसेल त्या दिवशी ही पिवळी. आणि वर तिला म्हणाले, आता मला सांगून दाखवा. हे बाकी मी त्यांना शिकवलेलं, माणसाकडून परत वदवून घ्यायचं. मावशीने न अडखळता सांगून दाखवलं, मोठी बाजाराच्या दिवशी, पिवळी बाजार नसेल तेव्हा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनाच पास केलंय. मीही मान हलवली आणि पुन्हा इन्सुलिनच्या पेनकडे वळले.

पुढे काही दिवसांनी, ऐन सकाळच्या गर्दीत, बाजारच्या बायकांना आणि त्यांच्या टोपल्यांना घेऊन फिरणारा टेम्पोवाला धावत दुकानात आला. टेम्पो रस्त्यावर चालूच होता. त्याला तोंडाच्या आतून लावायची ट्यूब हवी होती. मी होलसेलवाल्याशी फोनवर भांडत होते. आम्ही मागवलं होतं ते सोडून त्याने सगळं पाठवलं होतं. बाबांनी ट्यूब दिली, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, टेम्पोवाला गेला, टेम्पोही गेला. आणि बाबा स्टुलावर नीट बसत, काहीतरी चांगलं काम केल्यासारखे म्हणाले की वरोरच्या मावशीचं तोंड आलंय, गेले तीन-चार दिवस नुसत्या पेजेवर आहे बिचारी, उन्हात बसून बसून उष्णता झाली असेल.

माझ्या हातातला फोन बोलत राहिला. मी तो तसाच ठेवून दिला.

"बाबा, मावशीला मोठी गोळी कधी घ्यायला सांगितली होती?"

"बाजाराच्या दिवशी. तू होतीस की."

"कुठल्या बाजाराच्या?"

"कुठल्या म्हणजे? बाजाराच्या," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

चिखल्याच्या वाडीवाल्याला आठवड्यात एक बाजार असतो. पाड्यावरच्या माणसालाही एकच. पण वरोरची मावशी बाजार करायला जात नाही, बाजारात बसायला जाते. आज डहाणू, उद्या तलासरी, परवा कासा, मग सायवन, मग उधवा, आणि मध्ये कुठे जत्रा असेल तर तिथे. बाजार नसलेला असा तिचा एखादाच दिवस, तो बोंबील वाळत घालण्यात जातो. ती गोळी तिने जवळजवळ रोज घेतली होती. सांगितलं तश्शी घेतली होती. बाबांच्या चेहऱ्यावरून हे सगळं एका मागोमाग एक उतरत गेलं. खरं सांगते, मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो त्या टेम्पोचा, कारण मावशी त्याच्या मागच्या भागात बसलेली होती, आमच्या दारात, दोन मिनिटांपूर्वी.

तिचा म्हणून आमच्याकडे नंबर होता तो तिच्या मुलाचा, आणि मुलगा बोटीवर, समुद्रात, रेंजच्या बाहेर. टेम्पोवाल्याचा नंबर बाबांकडे असायला हवा होता. पण बाबा नंबर पाठ करत नाहीत, माणसं पाठ करतात. तालुक्यातल्या कुठल्या टेम्पोवाल्याची बायको कुठल्या गावची ते विचारा. आज बाजार मात्र तलासरीचा होता, एवढं बाबांना पक्कं ठाऊक होतं.

आमचं शटर आजवर दुपारच्या आधी पडलं होतं ते फक्त घरातल्या मयताला. त्यामुळे मी शटरला हात घातला तशी गर्दी एकदम गप्प झाली आणि कोणीतरी हळू आवाजात विचारलं, कोण गेलं म्हणून.

"अजून कोणी नाही," बाबा म्हणाले, आणि माझ्या स्कूटीच्या मागे जाऊन बसले.

माझे सासरे स्कूटीवर माझ्यामागे बसायला नको म्हणतात, लोक बघतात म्हणून. त्या दिवशी लोक बघतच होते. तलासरी माझं माहेर. घोलवडकडून आतल्या रस्त्याने तिथे कसं जायचं हे मला डोळे मिटून सांगता येईल. तरी बाबा प्रत्येक वळणावर डावीकडे घे, उजवीकडे घे सांगत होते. आधी म्हणाले हळू चालव. मग म्हणाले हळू का चालवतेस. मधल्या एका चढावर स्कूटी धापा टाकायला लागली तेव्हा म्हणाले की मी उतरून चालतो, तू पुढे हो. मी म्हटलं, गप्प बसा. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच असं म्हटलं असेन, आणि ते बसलेही. पुढचा सगळा रस्ता त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता.

तलासरीचा बाजार म्हणजे हायवेच्या बाजूला माणसांचा पूर. कोंबड्या, मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या, चपला, आणि ह्या सगळ्यातून वाट काढत सुकटवाल्या बायकांच्या रांगेकडे आम्ही गेलो. बाबांनी खिशातून रुमाल काढलासुद्धा नाही. मावशी तिच्या नेहमीच्या जागी होती, पदर तोंडावर घट्ट धरून. डोळे आत गेलेले. आम्हाला बघून तिचा पहिला विचार काय असावा? आम्ही बोंबील घ्यायला आलोय. एवढ्या लांबून आलोय म्हटल्यावर ती टोपलीतले तळाचे, लांब, पांढरे निवडून काढायला लागली, आणि बाबांसाठी कमी वासाचे द्यायचे असं काहीतरी पुटपुटली. तिच्या हातावर निळसर डाग होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मी तिला गोळ्या दाखवायला सांगितल्या. पदराच्या गाठीतून तिने दोन्ही स्ट्रिप काढल्या. मोठीत दोनच उरल्या होत्या. पिवळीतली एकच गेली होती. आजची घेतली का विचारलं, तर मानेनेच हो म्हणाली, पहाटेच, टेम्पोत चढण्याआधी, पाण्याबरोबर, आणि पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी आलं तरी.

आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला म्हटलं, तर ती उठेना. का, तर माल. एवढा माल उघड्यावर टाकून कसं येणार? शेजारच्या बाईवर सोपवा म्हटलं, तर तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. शेजारच्या बाईशी तिचं गेल्या जत्रेपासून बोलणं नव्हतं. मी समजावते आहे, ती मान हलवते आहे, ताप चढतो आहे, आणि एवढ्यात बाबा पँट गुडघ्यापाशी जराशी वर ओढून तिच्या गोणपाटावर मांडी घालून बसले. मला म्हणाले, तू हिला घेऊन जा, डॉक्टरशी तुलाच बोलता येईल. आणि मावशीला भाव विचारले.

तिथे तेवढ्यात हसू आलं मला. मावशीलाही आलं, पण तिला हसता येईना.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान होती. मी स्ट्रिप पुढे ठेवली आणि एका दमात सांगितलं. तिने मला मध्येच थांबवलं नाही, एकच प्रश्न विचारला, आज घेतलीय का; आणि उठली. रक्त काढलं, सलाइन लावलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिने तो मला दाखवला, कारण मला तो वाचता येतो, आणि त्यातले आकडे मी दोनदा वाचले. ह्यावरचं इंजेक्शन इथे नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं, ॲम्ब्युलन्स सांगितलीय, पण तिला आधी दुसरे पेशंट पोचवायचेत, वेळ लागेल, असं ती म्हणाली. अजून एक-दोन बाजार गेले असते तर मी काही करू शकले नसते, असंही म्हणाली. बाजार हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता.

मावशी वाचली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. बरेच दिवस दवाखान्यात होती, केस विरळ झाले, पण वाचली. ती आठवड्याची गोळी मावशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आता घेत नाही, दुसरी घेते. आणि आमच्या दुकानात तेव्हापासून एक नवीन खूळ शिरलंय. बाबांनी पद्धत सोडलेली नाही. सोडतील तर ते बाबा कसले. पण आता ते औषध देण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतात. कामाला कुठे जाता, कितीला उठता, मोटर रोज लावता की एक दिवसाआड, शाळेला सुट्टी असली की गोळीचं काय करता. मास्तरांचं कोडं त्यातच सुटलं. मागे रांग वाढते, एसट्या सुटतात, लोक माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघते. एकाने वैतागून विचारलं की काका, गोळी देताय की मुलगी देताय. बाबा शांतपणे म्हणाले, मुलगी द्यायची असती तर एवढं विचारलं नसतं. आठवड्याच्या गोळीला मात्र आता आम्ही दोघंही हात लावतो. ते वार ठरवून तोंडी सांगतात, मी एकेक गोळी कापून वेगळ्या पुडीत घालते आणि एका वेळी थोड्याच देते. त्यामुळे माणसाला परत परत यावं लागतं, बोलणी आम्हाला खावी लागतात, आणि आम्ही ती खातो.

पण त्या दिवशी मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशी वाचेल की नाही तेही नव्हतं. मी खाटेशेजारी स्टुलावर बसून ॲम्ब्युलन्सच्या आवाजाकडे कान लावून होते. बाहेर बाजार उठायला लागला होता.

तेव्हा बाबा आले. त्यांच्याआधी वास आला. शर्टाला, हातांना, केसांना सुकट. नर्सने मागे वळून पाहिलं. सगळा माल विकून आले होते. कसा विकला ते मला पुढे शेजारच्या बाईकडून कळलं. बाबा म्हणे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बीपी आहे का विचारायचे, आणि आहे म्हटलं तर खारं जपून खा म्हणून बजावायचे आणि मग बोंबील द्यायचे. एक-दोघांना त्यांनी दिलेच नाहीत. शेवटी त्या शेजारच्या बाईलाच राहवलं नाही. ती आपली टोपली सोडून इकडे बसली आणि मावशीचा माल तिनेच संपवला.

बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. सलाइनकडे पाहिलं, रिपोर्टकडे पाहिलं. तो त्यांनाही वाचता येतो. मावशीने डोळे उघडून खुणेनेच विचारलं, गेला का माल? त्यांनी मान हलवली. मग त्यांनी खाटेचा लोखंडी दांडा धरला.

"मावशी, चुकलं माझं," ते म्हणाले. "मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

मावशीला ते पटलं नाही. तिने सुजलेला हात उचलून नको नको केलं. ओठ फाटलेले होते, प्रत्येक शब्दाला ती थांबत होती, आणि तरी तिला ते बोलायचंच होतं, कारण भाऊंना वाईट वाटलेलं तिला बघवत नव्हतं.

"नाय भाऊ, तुम्ही नीटच सांगितलं," ती म्हणाली. "म्हणून तर तोंड आलं, ताप आला, पाणी गिळवेना, तरी मी एक बाजार चुकवला नाय."

बाबा खाली बसले, तिथेच, फरशीवर.